डायनाचे स्नान आणि पाहणाऱ्याची जागा

मित्रहो, ही कथा भर दुपारी सुरू होते. सकाळपासूनची शिकार मनासारखी झाली आहे, जाळी आणि भाले जनावरांच्या रक्ताने ओले झाले आहेत, सावल्या आखडून पायाशी आल्या आहेत, आणि थेबीजच्या कॅडमस राजाचा नातू अ‍ॅक्टिऑन आपल्या सोबत्यांना सांगतो आहे की आजच्या दिवसाचे नशीब पुरे झाले, उरलेली शिकार उद्या पहाटे करू. मग तो अनोळखी रानातून पाय नेतील तिकडे भटकू लागतो. त्याच रानात पाइन आणि सरूच्या झाडांनी गच्च भरलेली गार्गाफी नावाची दरी आहे, तिच्या टोकाला एक गुहा आहे, गुहेच्या उजव्या अंगाला स्वच्छ पाण्याचा झरा आहे, आणि शिकारीने दमलेली डायना देवी रोजच्या परिपाठाप्रमाणे तिथे न्हायला आली आहे. रोमन कवी ऑव्हिडने इसवी सन ८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'मेटामॉर्फोसिस' या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात हे स्नान फार बारकाईने सांगितले आहे. एक सखी भाला, भाता आणि दोरी उतरवलेले धनुष्य हातात घेते, दुसरी अंगावरून उतरलेले वस्त्र झेलते, दोघी पायातल्या वहाणा सोडतात, क्रोकाली नावाची सखी देवीचे मानेवर विखुरलेले केस गोळा करून त्यांची गाठ बांधते (तिचे स्वतःचे केस मात्र मोकळेच आहेत, हे सांगायला कवी विसरत नाही), आणि बाकीच्या सख्या घागरी भरभरून पाणी ओततात.

एवढ्यात अ‍ॅक्टिऑन गुहेच्या तोंडाशी येतो. पुरुष दिसताच सख्या किंचाळतात आणि देवीभोवती गोळा होऊन आपल्या अंगांनी तिचे अंग झाकू पाहतात, पण ती त्या सगळ्यांहून मानेइतकी उंच असल्यामुळे तिचे मस्तक त्यांच्या वर दिसतच राहते. बाण हाताशी नाहीत, पाणी आहे. ती पाणी उचलून त्याच्या तोंडावर फेकते आणि म्हणते, 'मला वस्त्राविना पाहिलेस, आता जा, आणि सांगता आले तर सांग.' त्या पाण्याने त्याच्या डोक्यावर शिंगे उगवतात, कान टोकदार होतात, हातांचे खूर होतात. पळता पळता तो पाण्यात आपले रूप पाहतो, 'हाय रे दैवा' म्हणायला जातो आणि तोंडातून नुसता हुंकार बाहेर पडतो. त्याचीच कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. ऑव्हिड त्या कुत्र्यांची तीसहून अधिक नावे एकामागून एक घेतो, आणि ज्या धन्याने ती नावे ठेवली त्याला त्यांतल्या एकालाही आता हाक मारता येत नाही. सोबती मात्र अ‍ॅक्टिऑनच्या नावाने ओरडत राहतात, एवढी मोठी शिकार सापडली आणि हा नेमका जागेवर नाही म्हणून हळहळतात.

या प्रसंगाच्या आधीच ऑव्हिडने आपला निवाडा देऊन ठेवला आहे. नीट पाहिलेत तर दोष दैवाचा आहे, अपराध नव्हे, वाट चुकण्यात कसला आला अपराध, असे तो म्हणतो. शेवटी मात्र लोकांत दोन तट पडल्याचेही तो सांगतो. काहींना शिक्षा अतोनात क्रूर वाटली, काहींना ती देवीच्या कौमार्यव्रताला साजेशी वाटली. हे काव्य पूर्ण झाले त्याच सुमारास, इसवी सन ८ मध्ये, ऑगस्टस सम्राटाने ऑव्हिडला काळ्या समुद्राकाठच्या टोमिस गावी हद्दपार केले. तिथून लिहिलेल्या काव्यात तो स्वतःची तुलना अ‍ॅक्टिऑनशी करतो. मी ते का पाहिले, माझे डोळे का अपराधी झाले, असे विचारून तो म्हणतो की अ‍ॅक्टिऑनलाही नकळतच डायना दिसली होती, तरी तो आपल्या कुत्र्यांचे भक्ष्य झाला. ऑव्हिडने नेमके काय पाहिले होते, हे त्याने शेवटपर्यंत उघड केले नाही.

युरोपच्या कलेत पाण्याकाठच्या पौराणिक स्त्रिया शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतल्या एकट्या डायनाविषयी मी आज बोलणार आहे, त्याला कारण आहे. प्रेमाची देवी व्हीनस पाहिली गेली तर पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. डायनाच्या कथेत पाहणे हीच मुख्य घटना आहे, आणि पाहिल्याबद्दल एक माणूस जिवानिशी गेला आहे. तेच दृश्य चित्रकार कापडावर उतरवून, चौकटीत बसवून आपल्यापुढे टांगतो, तेव्हा त्याला एक प्रश्न चुकवता येत नाही, की आता पाण्याकाठी उभे राहून पाहणारे आपण कोण? हा प्रश्न कोणत्या चित्रकाराने अंगावर घेतला आणि कोणी बाजूला सारला, यावरून मी या चित्रांची पारख करतो.

आरंभी या कथेत स्नान नव्हतेच, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात इसवी सनपूर्व ४७० च्या सुमाराचे एक मातीचे मद्यपात्र आहे, ज्याच्या चित्रकाराला अभ्यासक 'पॅन पेंटर' या नावाने ओळखतात. त्यावर आर्टेमिस, म्हणजे रोमनांची डायना, अंगभर कपड्यांत धनुष्य ताणून उभी आहे आणि अ‍ॅक्टिऑन कुत्र्यांच्या घोळक्यात कोसळतो आहे. सिसिलीतल्या सेलिनुंते येथील मंदिरावरचे त्याच सुमाराचे शिल्प आज पालेर्मोच्या संग्रहालयात आहे, त्यातही पाण्याचा थेंब नाही. जुन्या कथांमध्ये अ‍ॅक्टिऑनचा गुन्हा वेगळाच होता, त्याला देवांच्या राजाची प्रिया सेमेली हिच्याशी लग्न करायचे होते, किंवा आपण देवीपेक्षा सरस शिकारी आहोत अशी त्याने बढाई मारली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसॅनियस तर आपले मत असे देतो की देवीचा यात काही संबंधच नसावा, कुत्री पिसाळली असतील आणि समोर येईल त्याला त्यांनी फाडले असते.

स्नान या कथेत आणले ते इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या कॅलिमॅकस या कवीने, निदान आज हाती असलेल्या काव्यांत तरी तो पहिला आहे. त्याचे स्तोत्र अथीना देवीच्या स्नानाविषयी आहे. आर्गॉस शहरातल्या स्त्रिया देवीची मूर्ती इनाकॉस नदीवर न्हाऊ घालायला नेत असत, आणि ती मूर्ती नजरेस पडू नये म्हणून पुरुषांना बजावले जात असे. त्या बजावणीला आधार म्हणून कवी टायरेसियसची गोष्ट सांगतो. तहानलेला हा मुलगा झऱ्यावर येतो, तिथे अथीना आणि त्याचीच आई कॅरिक्लो भर दुपारी न्हात असतात, आणि त्याच्या डोळ्यांपुढे कायमचा अंधार होतो. आई आक्रोश करते, तेव्हा देवी म्हणते की देवाच्या मर्जीविरुद्ध जो देवाला पाहील त्याला जबर किंमत मोजावी लागेल हा नियम तिचा नाही, क्रोनॉसच्या, म्हणजे आधीच्या देवपिढीच्या राजाच्या, काळापासूनचा आहे. मग ती मुलाला भविष्य सांगण्याची विद्या देते, आणि समजूत घालते की पुढे अ‍ॅक्टिऑनचे आईबाप आपला मुलगा नुसता आंधळा व्हावा म्हणून नवस बोलतील, त्या मानाने तुझ्या मुलाचे बरे झाले. डोळ्यांवरून जीव ओवाळून टाकणारी आई आपल्या परिचयाची आहे, पण मुलाचे डोळे हिरावणारी तिची जिवलग मैत्रीणच असावी, ही कल्पना वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

इसवी सनपूर्व चौथ्या शतकात शिल्पकाराने दुसरीच वाट काढली होती. प्रॅक्सिटेलिसने ॲफ्रोडाइटीच्या, म्हणजे व्हीनसच्या, दोन मूर्ती घडवल्या, एक वस्त्र ल्यालेली आणि एक नग्न, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. कॉस बेटाच्या लोकांनी मर्यादशील म्हणून वस्त्र ल्यालेली निवडली, आणि मागे राहिलेली नग्न मूर्ती क्निडॉस शहराने विकत घेतली. पुढे निकोमीडीस राजाने त्या मूर्तीच्या बदल्यात शहराचे सगळे कर्ज फेडण्याची तयारी दाखवली, तरी क्निडॉसकरांनी ती दिली नाही. मूळ मूर्ती नष्ट झाली, रोमन प्रतिकृती उरल्या. त्यांत देवी एका हाताने आपली लाज झाकते आहे आणि दुसऱ्या हातातले कापड शेजारच्या घागरीवर आहे. ती आंघोळीला आली आहे हे सांगायला ती घागर पुरते. ती कोणापासून अंग झाकते आहे, हे मात्र शिल्पात नाही, कारण जो तिच्यासमोर येऊन उभा राहील तोच तो. पुढच्या एका ग्रीक सुभाषितात देवी स्वतः ती मूर्ती पाहायला येते आणि विचारते, 'प्रॅक्सिटेलिसने मला नग्न पाहिले तरी कुठे?' आर्टेमिसने हा प्रश्न विचारला असता तर शिल्पकार वाचला नसता. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखाटन शिकल्या. छायाप्रकाश त्यांच्या हाती उत्तम बसला, पण त्या देहांमागच्या कथा क्वचितच कोणी त्यांना सांगितल्या असतील, आणि कथेवाचून ही कला अर्धीच कळते.

रोमन लोकांना अ‍ॅक्टिऑन आपल्या घरातच हवा होता. पॉम्पेईत ऑक्टाव्हियस क्वार्तिओच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरी बागेतल्या पाण्याच्या पाटाकाठी डायना आणि अ‍ॅक्टिऑन समोरासमोर रंगवलेले आहेत, त्यामुळे तिथून जाणारा पाहुणा त्या नजरेच्या रेषेत सापडतो. हजारभर वर्षांहून अधिक काळानंतर, १५२४ च्या सुमारास, पार्मा शहराजवळच्या फोंतानेलातो येथील गढीत विशीतल्या पार्मिजानिनो या चित्रकाराने एक लहानशी खोली याच कथेने रंगवली. गढीच्या मालकाची पत्नी पाओला गोन्झागा हिचे ते स्नानगृह होते अशी परंपरा सांगते, अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. वर पाहिले की वेलींचा मांडव आणि बाळे दिसतात, छताच्या मध्यावर एक गोल आरसा बसवला आहे, आणि त्याच्याभोवती 'शेवटाकडे लक्ष दे' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. चित्राखालून फिरणारी अक्षरांची पट्टी थेट देवीलाच जाब विचारते. हे देवी, अभागी अ‍ॅक्टिऑनला दैवानेच इथे आणले असेल तर तू त्याला त्याच्याच कुत्र्यांच्या तोंडी का दिलेस? अपराधाशिवाय मर्त्यांनी शिक्षा भोगू नये, आणि असला क्रोध देवीला शोभत नाही. एखाद्या स्त्रीच्या खाजगी खोलीत देवीविरुद्ध ही फिर्याद लिहिली जावी, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

आता व्हेनिसच्या तिशियन या चित्रकाराकडे वळतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी तिशियनने १५५१ ते १५६२ या काळात पौराणिक विषयांची सहा मोठी चित्रे रंगवली, त्यांना तो स्वतः 'पोएझिए' म्हणजे कविता म्हणत असे. ही कोणासाठी आणि कशासाठी होती याबद्दल आपण भाबडे राहू नये. १५५४ च्या पत्रात तिशियन फिलिपला लिहितो की आधी पाठवलेल्या चित्रात पुराणातली राजकन्या डॅनाई पुढून दिसते, म्हणून आताच्या चित्रात व्हीनस पाठमोरी दाखवली आहे, म्हणजे ज्या दालनात ती टांगली जातील ते अधिक शोभिवंत दिसेल. स्त्रीदेह सर्व बाजूंनी पाहायला मिळावा ही सोय राजासाठी होती, आणि चित्रकाराने ती उघडपणे लिहून कळवली. 'डायना आणि अ‍ॅक्टिऑन' व 'डायना आणि कॅलिस्टो' ही जोडचित्रे १५५६ ते १५५९ या काळात पूर्ण होऊन स्पेनला रवाना झाली. आज ती लंडन आणि एडिंबरा येथील राष्ट्रीय संग्रहांच्या सामायिक मालकीची आहेत. पहिले २००९ साली पाच कोटी पौंडांना आणि दुसरे २०१२ साली साडेचार कोटी पौंडांना घेतले गेले.

पहिले चित्र मी लंडनमध्ये पाहिले तेव्हा आधी दिसला तो लाल-गुलाबी पडदा. ऑव्हिडच्या गुहेत पडदा नाही, तो तिशियनने दोरीवर टांगला. डावीकडून अ‍ॅक्टिऑन येतो, पडदा सरकलेला आहे, त्याचे दोन्ही हात वर गेले आहेत आणि धनुष्य खाली पडते आहे. उजव्या टोकाला डायना पांढरे कापड वर ओढत तिरप्या डोळ्याने त्याला पाहते आहे. ती झाकली जावी म्हणून तिची कृष्णवर्णी दासी हात पुढे करते आहे, अंगभर कपडे असलेली ती एकटीच, आणि तिची नजरही थेट त्या पोरावर आहे. व्हेनिसच्या श्रीमंत घरांत आफ्रिकी दास-दासी असत, तेव्हा हा चेहरा तिशियनने पुराणातून आणलेला नाही. दोघांच्या मध्ये सख्या आहेत, एक देवीचा पाय पुसते आहे, एक खांबाआडून डोकावते आहे. देवीपाशी एक पिटुकले कुत्रे अ‍ॅक्टिऑनच्या शिकारी कुत्र्यावर भुंकते आहे. कुंडाच्या काठावर काचेचे पात्र ठेवले आहे, इतके पारदर्शक की रंगाच्या दोन-चार फटकाऱ्यांत ते उभे राहिले असावे.

मग हळूहळू नजर वर जाते आणि खांबाच्या माथ्यावर हरणाची कवटी दिसते. झाडाला सोललेली कातडी टांगलेली दिसतात. अ‍ॅक्टिऑनच्या डोक्यावर अजून शिंगे नाहीत, पाणी अजून उडालेले नाही, पण पुढे काय होणार ते चित्रात आधीच टांगून ठेवले आहे, फक्त त्याने वर पाहिलेले नाही. तिशियनने शिक्षेचा क्षण रंगवला नाही, त्याच्या आधीचा श्वास रंगवला. प्रेक्षक आधी देह पाहतो आणि मग कवटी, आणि या क्रमाने अ‍ॅक्टिऑनची चूक त्याच्या हातून स्वतःच घडते. राजाच्या सुखासाठी काढलेल्या चित्रात ही कवटी ठेवणारा चित्रकार मला फार धैर्याचा वाटतो.

शेजारच्या चित्रात तेच पाणी वाहते, पण स्नानाचा अर्थ उलटा झालेला आहे. ऑव्हिडच्या दुसऱ्या सर्गातली कॅलिस्टो ही डायनाची लाडकी सखी. देवांचा राजा ज्युपिटर याने डायनाचेच रूप घेऊन तिला गाठले आणि तिच्यावर बळजबरी केली. नऊ महिन्यांनी देवी एका झऱ्याशी येते, इथे कोणी पाहणारे नाही, चला न्हाऊ या, म्हणते, आणि सगळ्या कपडे उतरवतात, एकटी कॅलिस्टो घुटमळते. तिशियनने डावीकडे तिला जमिनीवर ओढून धरणाऱ्या, वस्त्र वर करून तिचे पोट उघडे पाडणाऱ्या सख्या दाखवल्या आहेत, आणि उजवीकडून डायनाचा हात सरळ तिच्यावर रोखलेला आहे. पहिल्या चित्रात जिला पाहिले गेले म्हणून जग पेटले, तीच इथे दुसऱ्या बाईला पाहते आणि हाकलून देते. मराठीत आपल्याकडे उघड्या देहासाठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. मूर्ती नग्न असते, अंगणातले लेकरू उघडे असते, हिणवायचे असेल तेव्हा आपण नागडे म्हणतो, आणि विवस्त्र म्हटले की ते वस्त्र कोणीतरी ओढून काढले आहे हे कानाला कळते. डायना नग्न आहे, कॅलिस्टो विवस्त्र आहे. ही दोन चित्रे शेजारी टांगण्यासाठी होती, आणि मला त्यांतले दुसरे अधिक कठोर वाटते, कारण अ‍ॅक्टिऑनची निदान वाट तरी चुकली होती, कॅलिस्टो कुठेही चुकलेली नव्हती.

तिसरे चित्र, 'अ‍ॅक्टिऑनचा मृत्यू', तिशियनने फिलिपला कळवले पण पाठवले नाही, १५७६ मध्ये तो वारला तेव्हा ते त्याच्या घरीच होते. १९७२ मध्ये ते लंडनच्या नॅशनल गॅलरीने घेतले. त्यात रान तपकिरी आणि पिवळे पडले आहे, हरणाचे डोके आणि माणसाचे धड असलेला अ‍ॅक्टिऑन मागे कुत्र्यांखाली जातो आहे, आणि पुढे धिप्पाड डायना बाण सोडल्याच्या आवेशात निघाली आहे. तिच्या धनुष्याची दोरी दिसत नाही. ऑव्हिडने तिला या जागी आणलेलेच नव्हते.

१६३४ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या रेम्ब्राँ या डच चित्रकाराने दोन्ही कथा एकाच कॅनव्हासवर कोंबल्या. ते चित्र जर्मनीत आनहोल्ट येथील गढीच्या संग्रहालयात आहे. एका टोकाला शिंगे फुटू लागलेला अ‍ॅक्टिऑन आणि दुसऱ्या टोकाला झोंबाझोंबीत उघडी पडणारी कॅलिस्टो, मधल्या पाण्यात नुसती पळापळ. त्याच्याही आधी, १६३१ च्या सुमारास, त्याने ताम्रपटावर अम्लाने कोरून डायनाच्या स्नानाचे एक लहान चित्र छापले होते. त्यात भाता नसता तर ती देवी आहे हे कोणी ओळखले नसते. काठावर बसलेली, पोट सुटलेली, साधी बाई मान वळवून आपल्याकडे पाहते आहे, तुला काय हवे, असे विचारल्यासारखी. रेम्ब्राँच्या मृत्यूनंतर, १६८१ मध्ये, आंद्रीस पेल्स या डच लेखकाने पद्यात तक्रार केली की नग्न स्त्री काढायची तर हा ग्रीक व्हीनस न घेता धोबीण किंवा पीट (दलदलीतली जळाऊ माती) तुडवणारी मजूर बाई घेई, आणि तिच्या पोटावरचे बंदांचे व पायावरचे मोजेबंधांचे वळ सुद्धा ठेवी. पेल्सला जे खटकले तेच मला मोलाचे वाटते. वळ आहे म्हणजे ती घटकाभरापूर्वी कपड्यांत होती, थोड्या वेळाने पुन्हा कपड्यांत असेल, आणि मधला हा वेळ तिचा स्वतःचा आहे.

त्या शतकात हा विषय स्त्रीच्या हातूनही रंगवला गेला. आर्तेमिसिया जेन्तिलेस्की या इटालियन चित्रकर्तीने १६१० मध्ये, सतरा वर्षांची असताना, न्हाणाऱ्या सुझॅनाला धमकावणारे दोन म्हातारे रंगवले. ही बायबलच्या परंपरेतली कथा आहे, पुराणातली नव्हे, पण त्या मुलीच्या आक्रसलेल्या खांद्यांत पाहिले जाण्याचा जो त्रास आहे तो मी दुसऱ्या कोणत्याही स्नानचित्रात पाहिलेला नाही. १६४९ मध्ये, नेपल्समध्ये स्थिरावलेली ती मेसिनाच्या डॉन आंतोनियो रूफो या संग्राहकाशी डायनाच्या स्नानाच्या चित्राबद्दल पत्रव्यवहार करत होती. विवस्त्र होऊन बसणाऱ्या बायकांचा खर्च किती जबर पडतो, हे तिने त्यात लिहिले आहे. चित्रातल्या सख्यांच्या अंगावर चंद्रकोर आणि भाता चढवण्याआधी त्या नेपल्सच्या गल्ल्यांतून मजुरीसाठी आलेल्या बायका होत्या, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच कोणी नोंदवले आहे.

अठराव्या शतकात चित्र हलके झाले. फ्रेंच चित्रकार बूशेची 'स्नानानंतरची डायना' १७४२ ची, लूव्र संग्रहालयात आहे, हातभर रुंदीची. निळे रेशीम, केसांत मोती आणि चंद्रकोर, शेजारी मारलेली शिकार, पाणी पिणारे कुत्रे, देवीच्या पायाकडे पाहणारी एक सखी. त्वचेचे रंगकाम इतके नाजूक आहे की त्यात दोष काढायला जागा नाही, आणि मी तो काढतही नाही. पण अ‍ॅक्टिऑन कुठे आहे? रान शांत आहे, कोणी येत नाही, कोणी किंचाळत नाही, पाणी उडत नाही. शिक्षा होणारा माणूस चित्रातून काढून घेतला, आणि त्याची जागा पाहणाऱ्यासाठी मोकळी ठेवली, तीही गादी घालून. तिशियनच्या कवटीनंतर हे पाहताना मला अस्वस्थ वाटते. २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने तिशियनच्या या चित्रांवर आजच्या कलावंतांकडून काम करवून घेतले, तेव्हा मार्क वॉलिंजरने संग्रहालयात एक बंद न्हाणीघर बांधले, आत डायना नावाच्याच स्त्रिया पाळीपाळीने न्हात असत, आणि प्रेक्षकाला कुलपाच्या भोकासारख्या फटींना डोळा लावूनच ते पाहावे लागे. बूशेने घातलेली गादी वॉलिंजरने काढून घेतली. वाकून उभ्या माणसाच्या मागे दुसरा माणूस रांगेत उभा असतो आणि त्याला वाकताना पाहत असतो.

आता शेवटचे चित्र. रेम्ब्राँने १६५४ मध्ये एका लहान फळीवर पाण्यात उतरणारी एक स्त्री रंगवली, ती लंडनलाच आहे. ती डायना की सुझॅना की बायबलमधलीच न्हाताना पाहिली गेलेली बॅथशीबा, यावर वाद आहे, कारण भाता, चंद्रकोर, म्हातारे, कोणतीच खूण त्याने ठेवलेली नाही. काठावर टाकलेल्या सोनेरी-लाल भरजरी वस्त्रावरून ही साधी बाई नसावी असे वाटते खरे. तिचा चेहरा बहुधा हेंड्रिक्या स्टॉफेल्स हिचा आहे, जी रेम्ब्राँबरोबर लग्नाविना राहत होती. त्याच वर्षी चर्चच्या मंडळाने तिला त्याबद्दल जाब विचारला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या मुलीचे, कॉर्नेलियाचे, नामकरण झाले. म्हणजे कॅलिस्टोसारखेच तिलाही लोकांपुढे उभे केले गेले होते.

चित्रात मात्र तिला कोणी उभे केलेले नाही. अंगात पांढरी शेमीज आहे, जाड रंगाच्या सरळ, रुंद फटकाऱ्यांनी काढलेली, दोन्ही हातांनी तिने ती गुडघ्यांच्या वर उचलून धरली आहे. एक हात तर जवळजवळ पुरा झालेलाच नाही, रंगाचे दोन ओघळ टाकून चित्रकार थांबला आहे. पाणी पोटऱ्यांपर्यंत आले आहे आणि त्यात तिच्या पायांचे प्रतिबिंब हलते आहे. ती समोर पाहत नाही, वळून पाहत नाही, मान खाली घालून पाण्यात पाहते आहे. तळ कुठे निसरडा आहे, पाणी किती गार आहे, पुढचे पाऊल टाकावे की नाही, याचा अंदाज घेताना तिच्या ओठांवर हसू येऊ लागले आहे.